पाणी, माती, उपवास : निसर्गोपचाराविषयी वाचकांचे प्रश्न

या वेळी आलेल्या बऱ्याच पत्रांचा सूर एकच आहे : 'घरी करून पाहिलं, पण सांगितल्यासारखं झालं नाही.' म्हणून उत्तरं देताना पाण्याचं तापमान, वेळ, कापड, प्रमाण हे सगळं नेमकं दिलं आहे. निसर्गोपचारात चूक होते ती बहुधा याच बाबतीत.

आईला निसर्गोपचार केंद्रात त्रिफळा चूर्णसुद्धा बंद करायला सांगितलं. त्रिफळा तर झाडाचंच फळ. मग त्याला हरकत का? (वाचक, बार्शी)

निसर्गोपचार औषधाविना चालतो, आणि त्या औषधांत झाडपाल्याचं औषधही आलं. त्रिफळा आतड्याला चालना देऊन पोट साफ करतं. निसर्गोपचाराला आतड्याची स्वतःची हालचाल परत आणायची असते. त्यासाठी त्याची साधनं मोजकी आहेत : आहार आणि उपवास, पाणी, माती, ऊन, हवा, जोडीला व्यायाम, मालिश आणि विश्रांती. आयुर्वेद हे वेगळं शास्त्र आहे, त्याची मांडणी वेगळी. त्रिफळा वाईट आहे असा याचा अर्थ मुळीच नाही.

मार्च १९४६ मध्ये गांधीजी पुण्याजवळच्या उरुळी कांचनला राहिले आणि गावातल्या रुग्णांवर त्यांनी उपचार केले, तेही याच साधनांनी : सूर्यस्नान, कटिस्नान (फक्त कमरेचा भाग पाण्यात ठेवून बसणं), माती, साधा आहार आणि रामनाम. पुढे त्यांचे अनुयायी मणिभाई देसाईंनी तिथेच राहून आश्रम उभा केला. पाण्याच्या उपचारांची पद्धतशीर मांडणी त्याआधी युरोपात झाली होती. ग्रेफेनबर्गच्या प्रिसनिट्झने ओल्या पट्ट्या रुळवल्या, लाइपझिगच्या लुई कूनेने कटिस्नान.

खालच्या सगळ्या उत्तरांना लागू पडणारी एक गोष्ट इथेच सांगतो. थंड पाणी लागलं की कातडीतल्या रक्तवाहिन्या आधी आकसतात, मग रुंदावतात आणि ती जागा पुन्हा उबदार होते. शरीराने दिलेला हा प्रतिसाद म्हणजेच उपचार. ऊब परत आली नाही, तर रुग्णाला नुसती थंडी वाजली, उपचार झालाच नाही. ज्याच्या शरीरात असा प्रतिसाद देण्याइतकी ताकद किंवा संवेदना नाही, त्याच्यावर हे उपाय करायचे नसतात.

आईंनी त्रिफळा बरीच वर्षं घेतलं असेल तर एकदम तोडू नका. आठवडाभर निम्मं, पुढचा आठवडा दिवसाआड, मग बंद. आणि हे फक्त त्रिफळ्यापुरतं. थायरॉईड, रक्तदाब, फिट्स, रक्त पातळ करण्याच्या किंवा स्टेरॉईडच्या गोळ्या कोणत्याही केंद्राच्या सांगण्यावरून परस्पर थांबवायच्या नाहीत. त्या कमी व्हायच्याच असतील तर तपासण्या पाहून, त्या लिहून देणाऱ्या डॉक्टरांकडूनच कमी होतील.

घरी कटिस्नान कसं करावं? कटिस्नानाचा खास टब नाही. एकदा साध्या टबात बसून पाहिलं तर अंगभर हुडहुडी भरली आणि पोटात कळ आली. (वाचिका, चिपळूण)

हुडहुडी भरली म्हणजे बहुतेक पाय पाण्यात होते, किंवा पाणी पहिल्याच दिवशी फार गार होतं, किंवा दोन्ही. कटिस्नानात पाण्यात असते ती फक्त बेंबीपासून मांड्यांच्या वरच्या भागापर्यंतची जागा. पाय आणि छाती कोरडी राहिली पाहिजे. पाय पाण्यात गेले की सगळं शरीर गार पडतं आणि ओटीपोटाकडे रक्ताची जी ये-जा वाढायला हवी ती वाढत नाही.

खास टब नसला तरी चालतं. मोठा माणूस आत बसेल आणि पाय काठावरून बाहेर सोडता येतील असा रुंद, जाड प्लास्टिकचा टब घ्या. तो भिंतीला टेकवा आणि पाठीकडच्या काठावर जाड पंचा घडी करून ठेवा. समोर टबाच्या उंचीचं लाकडी स्टूल ठेवा. पाय त्यावर, कोरड्या पंचात गुंडाळलेले. आधी थोड्या पाण्यात बसून बघा. बसल्यावर पाणी बेंबीपर्यंत आलं पाहिजे. तितकं आलं की टबाला आतून खूण करून ठेवा, म्हणजे रोज मोजायला नको. टबातून उठताना तोल जातो, तेव्हा हाताशी धरायला काहीतरी असू द्या आणि वयस्कर व्यक्तीने एकट्याने बसू नये.

पाण्याचं तापमान अंदाजाने ठरवू नका. मत्स्यपेटीत वापरतात तो स्वस्त थर्मामीटरही पुरतो. पहिले तीन दिवस २८ अंश सेल्सिअस, ५ मिनिटं. मग दर दोन-तीन दिवसांनी २ अंश कमी आणि २ मिनिटं जास्त, असं करत २० अंश आणि १५ मिनिटांपर्यंत या. घरगुती वापराला त्याहून गार पाण्याची गरज नसते. तुमच्याकडे कोकणात उन्हाळ्यात नळाचं पाणीच कोमट असतं. माठातलं पाणी मिसळलं तरी पुरे, बर्फ टाकू नका.

पाण्यात बसल्यावर जाडसर सुती फडक्याने पोट हलकं चोळत राहायचं. उजव्या जांघेच्या वरून सुरुवात, वर बरगडीपर्यंत, तिथून आडवं डावीकडे, मग डाव्या बाजूने खाली. मोठ्या आतड्याची दिशा हीच आहे. जोर लावायचा नाही. पंखा बंद, अंगात सदरा किंवा स्वेटर.

वेळ सकाळची उत्तम, शौचाला जाऊन आल्यावर. दुसऱ्या वेळी करायचं तर जेवणानंतर किमान ३ तास जाऊ द्या. बाहेर आल्यावर अंग खरखरीत पंचाने पुसून १५ ते २० मिनिटं झपझप चाला. चालणं जमत नसेल तर पांघरूण घेऊन पोट गरम लागेपर्यंत पडून राहा. बहुतेक लोक हेच टाळतात आणि मग गुण येत नाही म्हणतात. त्यानंतर तासभर आंघोळ नाही, अर्धा तास खाणं नाही.

जुनाट बद्धकोष्ठ, गॅसेस, पोट जड वाटणं यांत याचा उपयोग होतो. दोन-तीन आठवडे नियमाने करावं लागतं. मासिक पाळीत, गरोदरपणात, लघवीला जळजळ असताना, थंडी वाजून ताप आलेला असताना, सायटिकाच्या कळा चालू असताना आणि हृदयविकारात कटिस्नान करू नये.

पोटात उजवीकडे खाली दुखत होतं. शेजारच्यांनी एनिमा आणि गरम शेक घ्यायला सांगितलं. दोन दिवसांनी दुखणं थांबलं. पुन्हा दुखलं तर हेच करावं का? (वाचक, नांदेड)

नाही. बेंबीभोवती सुरू होऊन उजवीकडे खाली सरकणारं, खोकताना किंवा टाच आपटल्यावर वाढणारं दुखणं अपेंडिक्सचं असू शकतं. सुजलेलं अपेंडिक्स असताना एनिमा दिला तर आतला दाब वाढतो आणि ते फुटायचा धोका असतो. शेकाने वेदना दबते, मग निदानाला उशीर होतो. पुन्हा दुखलं तर काही खाऊ नका, रेचक घेऊ नका, शेक देऊ नका, सर्जनला दाखवा. आत्ता दुखत नसलं तरी एकदा सोनोग्राफी करून घ्या.

निसर्गोपचाराचे एवढे आग्रही पुरस्कर्ते गांधीजी, पण जानेवारी १९२४ मध्ये येरवड्याच्या तुरुंगात असताना त्यांना अपेंडिक्सचा त्रास झाला, तेव्हा त्यांनी पुण्याच्या ससून रुग्णालयात कर्नल मॅडॉक यांच्याकडून शस्त्रक्रिया करून घेतली. अचानक उठलेलं पोटाचं तीव्र दुखणं ही पाण्या-मातीच्या उपचारांची जागा नव्हे.

छातीला ओली पट्टी बांधली की 'आपोआप गरम होते' म्हणतात. माझ्या मुलाची पट्टी तासभर गारच राहिली आणि खोकला वाढला. काय चुकलं? (वाचिका, इचलकरंजी)

या उपचारात चूक शोधायच्या जागा ठरलेल्या आहेत. एकेक तपासा.

पहिली, पिळणं. आतलं कापड पाणी ठिबकत असताना बांधलं जातं. तेवढं पाणी तापवायला शरीराची उष्णता पुरत नाही. कापड दोघांनी दोन टोकं धरून पिळावं, इतकं की पुन्हा पिळल्यावर थेंबही पडू नये.

दुसरी, बाहेरचं कापड. आत मऊ सुती, जुन्या धोतराचं किंवा लुगड्याचं. बाहेर लोकरी किंवा फ्लॅनेलचं, आणि ते आतल्यापेक्षा वर-खाली निदान ३ सेंटिमीटर रुंद. ओल्या कापडाची कड कुठेही उघडी राहिली की तिथून हवा शिरते आणि बाष्पीभवनाने पट्टी गारच राहते. बाहेरून प्लास्टिक गुंडाळू नका. त्याने पट्टी तापते खरी, पण घाम कोंडून पुरळ उठतं.

तिसरी, ढिलेपणा. पट्टी आणि छाती यांच्यामध्ये एक बोट जेमतेम जावं. मुलाला खोल श्वास घ्यायला लावून मगच पिन लावा, नाहीतर आवळली जाते.

चौथी आणि सगळ्यांत महत्त्वाची, मुलाचे पाय. पाय गार असताना पट्टी बांधायचीच नाही. आधी ४० अंशांच्या पाण्यात पाय ८-१० मिनिटं ठेवा, पुसून मोजे घाला, मग पट्टी बांधा. ज्याचं अंग आधीच गारठलेलं आहे त्याची पट्टी कधी तापत नाही.

सगळं नीट असेल तर पाच ते दहा मिनिटांत गारवा जाऊन ऊब येते. १५ मिनिटांनी आत बोट घालून बघा. अजून गार लागत असेल तर पट्टी काढा, छाती कोरड्या पंचाने लाल होईपर्यंत चोळा आणि पांघरूण घाला. 'अजून थोडा वेळ थांबू' असं करू नका. तुमच्याकडे खोकला वाढला तो बहुधा याच वाट बघण्याने. पट्टी तापली तर पाऊण ते एक तास ठेवा. दर वेळी कापड धुऊन उन्हात वाळवा. घामट कापड पुन्हा वापरलं की कातडीवर फोड येतात.

मुलाचा श्वास भराभर चालत असेल, श्वास घेताना बरगड्यांमध्ये खळगे पडत असतील, ओठ निळसर दिसत असतील किंवा तो पाणीही घेत नसेल, तर पट्टीचा विचार सोडा आणि तडक दवाखाना गाठा. दम्याच्या चालू झटक्यातही पट्टी बांधायची नाही.

सासऱ्यांना मधुमेह आहे, तळपायांना मुंग्या येतात, पाय बधिर वाटतात. गरम पाण्यात पाय ठेवले तर बरं वाटेल का? (वाचिका, नाशिक)

ठेवू नका. बधिर पायांना चटका कळत नाही, आणि अशा पायावर भाजून झालेली जखम महिनोन् महिने भरत नाही. कधी पाय गमवावा लागतो. शेकाची पिशवी, मिठाचं गरम पाणी, गरम वाळू, काहीच नको. पाय रोज साध्या पाण्याने धुवा, बोटांच्या बेचक्या कोरड्या करा, खोबरेल तेल लावा (बेचक्यांत नको), आणि रात्री तळवे उजेडात आरशाने तपासा. पायांची संवेदना वर्षातून एकदा डॉक्टरांकडून तपासून घ्या.

मातीपट्टीसाठी माती कुठली घ्यावी? आमच्याकडे काळी माती आहे, ती वाळली की पट्टीला भेगा पडतात. रत्नागिरीच्या बहिणीची लाल माती पोटावर टिकतच नाही. (वाचक, परभणी)

दोघांच्या मातीचा स्वभाव वेगळा आहे. काळ्या मातीतली चिकणमाती पाणी धरून फुगते आणि वाळताना आकसते, म्हणून भेगा. जांभ्या खडकाची लाल माती खडबडीत असते, पाणी धरत नाही, म्हणून सुटून पडते. थंडावा टिकवण्याचं काम पाणी धरणारी माती करते, तेव्हा तुमची काळी माती उत्तम. तिच्यात चौथा हिस्सा बारीक चाळलेली, धुतलेली नदीची वाळू मिसळा, भेगा थांबतील. बहिणीने लाल मातीचा हट्ट सोडून ओढ्याकाठची किंवा भातखाचराच्या खालच्या थरातली चिकट माती वापरावी.

माती वरची घेऊ नये. रासायनिक खतं आणि फवारणी होत नाही, सांडपाणी जात नाही, जनावरं बसत नाहीत अशी जागा बघून तीन-चार फूट खालची काढा. मुळं, खडे वेचा, दोन-तीन दिवस कडक उन्हात वाळवा, कुटून पिठाच्या चाळणीने चाळा आणि बंद डब्यात ठेवा. वापरायच्या आदल्या रात्री पाण्यात भिजवा. पाणी एकदम ओतू नका. माती पसरट भांड्यात घालून तिच्यावर बोटभर पाणी येऊ द्या, सकाळी वरचं जादा पाणी ओतून टाका. कणीक भाकरीला मळतो तितपत मऊ झाली पाहिजे.

मांजरपाटाच्या तुकड्यावर २५ सेंटिमीटर लांब, १५ रुंद आणि २ ते २.५ सेंटिमीटर जाड असा थर लाकडी उलथन्याने लावा. पोटावर उघडी माती बेंबीपासून खाली ठेवा, वरून कापड आणि त्यावर लोकरीचं पांघरूण. २० ते ३० मिनिटं. रिकाम्या पोटी. पाळीत नको. डोळ्यांवर ठेवायची असेल तर माती आणि डोळे यांच्यामध्ये कापडाची घडी हवीच.

दोन गोष्टी कटाक्षाने पाळा. कापलेल्या, खरचटलेल्या, फोड फुटलेल्या जागी माती लावू नका. मातीत धनुर्वाताचे जंतू असतात आणि उन्हात वाळवून ते मरत नाहीत. आणि वापरलेली माती दुसऱ्यांदा वापरायची नाही. ती बागेत टाका. मोरीत टाकली तर पाइप तुंबतो.

तीन दिवस लिंबूपाण्यावर उपवास केला. चौथ्या दिवशी सकाळी साबुदाण्याची खिचडी खाल्ली आणि दिवसभर मुरडा आला, उलट्या झाल्या. उपवास बाधला का? (वाचक, सोलापूर)

उपवास बाधला नाही, सोडणं बाधलं. 'एकादशी, दुप्पट खाशी' ही आपल्याकडची रीत एका दिवसाच्या उपासाला कशीबशी निभते. तीन दिवस रिकाम्या राहिलेल्या पोटाला तूप, शेंगदाण्याचं कूट, मिरची आणि स्टार्च एकदम दिला की असंच होतं.

आत काय घडतं ते पाहा. साधारण एका दिवसात यकृतात साठवलेली साखर बरीचशी संपते. मग शरीर चरबी जाळायला लागतं, कीटोन तयार होतात, तोंडाला वास येतो, जिभेवर पांढरा थर बसतो. साखरेच्या या साठ्यातल्या प्रत्येक ग्रॅमबरोबर सुमारे ३ ग्रॅम पाणी धरलेलं असतं, म्हणून पहिल्या तीन दिवसांत वजन झपाट्याने उतरतं. ती उतरण मुख्यतः पाण्याची. खाणं सुरू झालं की निम्म्याहून अधिक परत येते. तिच्यावर खूश होऊन उपवास लांबवू नका. पाचक रसही या काळात कमी झालेले असतात.

रसाहाराचा तीन दिवसांचा उपवास असा ठेवा. दिवसातून चार-पाच वेळा पेलाभर कोमट पाण्यात अर्धं लिंबू आणि एक चमचा मध. एक-दोन शहाळी. दुपारी पालेभाजीचं किंवा दुधीचं गाळलेलं, चिमूटभर मीठ घातलेलं सूप. यांखेरीज तहान लागेल तसं साधं पाणी. व्यायाम चालण्यापुरता, दुपारी झोप, गाडी चालवणं टाळा. अंथरुणातून उठताना आधी मिनिटभर बसा, कारण उपवासात रक्तदाब उतरतो आणि बऱ्याच जणांना उभं राहताना अंधारी येते.

सोडायला निदान दोन दिवस द्या. चौथ्या दिवशी दर अडीच-तीन तासांनी १५० ते २०० मिलिलीटर : आधी मोसंबीचा पाणी घातलेला रस, मग मुगाचं पातळ कढण, संध्याकाळी पपईच्या चार फोडी. पाचव्या दिवशी सकाळी भाताची पेज, दुपारी मऊ मुगाची खिचडी तुपाशिवाय आणि उकडलेला दुधी, रात्री पातळ ताक-भात. सहाव्या दिवसापासून भाकरी-भाजी, तीही रोजच्या निम्मी. तळलेलं, कच्ची कोशिंबीर आणि कडधान्याची उसळ आणखी दोन दिवस थांबवा.

हा उपवास कोणी करायचाच नाही, हे अधिक नीट वाचा. इन्सुलिन घेणारे आणि ग्लिमेपिराइडसारख्या मधुमेहाच्या गोळ्या घेणारे, कारण साखर धोकादायकरीत्या खाली जाते. डापाग्लिफ्लोझिन, एम्पाग्लिफ्लोझिन या मधुमेहाच्या गोळ्या घेणारे. यांच्यात रक्तातली साखर फारशी वाढलेली नसतानाही कीटोन वाढून रक्त आम्लयुक्त होऊ शकतं. ग्लुकोमीटरवर आकडा बरा दिसतो आणि माणूस मात्र ओकत, धापा टाकत असतो. अलीकडे या गोळ्या खूप जण घेतात, म्हणून मुद्दाम नाव घेऊन सांगितलं. त्याशिवाय गरोदर आणि अंगावर पाजणाऱ्या स्त्रिया, १८ वर्षांखालची मुलं, फार कृश माणसं, गाऊटचे रुग्ण (उपवासात युरिक ॲसिड वाढतं), मूत्रपिंडाचे रुग्ण, आणि ज्यांना कधी खाण्याच्या विकाराचा त्रास झाला आहे असे सगळे.

तीन दिवसांपलीकडचा उपवास घरी नको. लांबलेल्या उपवासानंतर भरपेट खाल्लं तर रक्तातलं फॉस्फेट आणि पोटॅशियम एकदम घसरून हृदयाचे ठोके बिघडू शकतात. त्यासाठी रोज तपासणी होणारं निवासी केंद्रच हवं.

निसर्गोपचार सुरू केल्यावर डोकेदुखी, अंगावर पुरळ आणि ताप आला. 'हा उभार आहे, विषद्रव्यं बाहेर पडतायत, औषध घेऊ नका' असं सांगितलं गेलं. खरं काय? (वाचिका, ठाणे)

'उभार' ही निसर्गोपचारातली जुनी कल्पना आहे : बरं होताना शरीर काही दिवस आजारासारखी लक्षणं दाखवतं. ती सरसकट लावणं घातक आहे. बहुतेक वेळा लक्षणांमागे साधं, शोधता येणारं कारण असतं. दिवसाला चार-पाच कप चहा पिणाऱ्याचा चहा एकदम बंद केला की १२ ते २४ तासांत डोकं ठणकायला लागतं आणि ते कधी आठवडाभर चालतं. ही कॅफीन सुटल्याची लक्षणं. चहा दर दोन दिवसांनी एक कप कमी करा, त्रास होत नाही. पुरळ ओल्या पट्टीच्या जागीच असेल तर कापडाचा किंवा घामाचा दोष. जांघेत किंवा काखेत कड्यासारखं असेल तर बुरशी. शरीरातली नको असलेली द्रव्यं बाहेर टाकायचं काम यकृत आणि मूत्रपिंड अहोरात्र करतात, ती पुरळातून बाहेर पडत नाहीत.

थोडा थकवा, जिभेवर थर, पहिले दोन दिवस चिडचिड, एवढं उपवासात चालतं आणि ४८ तासांत उतरतं. ताप मात्र उपचाराने येत नाही. १०१ अंश फॅरनहाइटच्या वर किंवा २४ तासांहून जास्त ताप, पुन्हा पुन्हा उलटी, दिवसात दोन-तीन वेळांहून कमी लघवी, पिवळे डोळे, छातीत दुखणं, धाप, भोवळ, शौचातून रक्त : यांतलं काहीही दिसलं तर उपचार त्याच क्षणी थांबवा आणि तपासणी करा. पावसाळ्यात आपल्याकडे डेंग्यू आणि लेप्टो (लेप्टोस्पायरोसिस) दोन्ही असतात. 'उभार' म्हणून घालवलेले दोन दिवस तिथे जिवावर बेततात.

केंद्र निवडताना डॉक्टरांची पदवी विचारा. निसर्गोपचार आणि योग यांचा बीएनवायएस हा साडेपाच वर्षांचा पदवी अभ्यासक्रम आहे. आठवड्याच्या शिबिरात शिकलेला माणूस कटिस्नान शिकवू शकतो, पण ताप आलेल्या रुग्णाला थांबा म्हणण्याचा अधिकार त्याला नाही.

जलनेती (कोमट मिठाच्या पाण्याने नाक धुणं) करताना नाक जळतं, आणि नंतर कानात दडा बसतो. (वाचक, सातारा)

जळतं ते मिठाच्या चुकीने. अर्ध्या लिटर पाण्याला ४.५ ग्रॅम मीठ लागतं, म्हणजे बारीक मिठाचा पाऊण चहाचा चमचा, सपाट. कमी पडलं तरी जळतं, जास्त झालं तरी जळतं. पाणी अंगाइतकं कोमट, ३७ अंशांच्या आसपास.

कानात दडा बसतो तो नंतर एक नाकपुडी दाबून जोराने शिंकरल्यामुळे. दोन्ही नाकपुड्या मोकळ्या ठेवून कमरेत वाका, डोकं खाली, डावीकडे-उजवीकडे वळवत हलके उच्छ्वास टाका, १५-२० वेळा. आत पाणी राहिलं तर डोकं जड होतं, म्हणून हा भाग घाईने उरकू नका. नेती करताना श्वास तोंडाने घ्यायचा आणि मध्ये बोलायचं किंवा गिळायचं नाही. कान फुटलेला असेल, सर्दीने नाक पूर्ण बंद असेल, नाकातून रक्त येत असेल, तर नेती नको.

पाणी उकळून गार केलेलंच घ्या. खळखळ उकळी आल्यावर किमान मिनिटभर. विहिरीचं, टाकीचं किंवा नळाचं कच्चं पाणी नाकात घालू नका. गोड्या, कोमट पाण्यातला 'नेग्लेरिया' हा अमिबा नाकावाटे मेंदूत शिरतो. प्यायल्याने तो काही करत नाही, नाकातून गेला तर वाचणं कठीण असतं. केरळमध्ये अलीकडच्या वर्षांत असे रुग्ण सापडले आहेत. नेतीपात्र रोज धुऊन उलटं वाळवा.

वडील ७४ वर्षांचे आहेत. आश्रमातून आल्यापासून वर्षभर रोज एनिमा घेतात. त्याशिवाय पोट साफ होत नाही. (वाचक, अमरावती)

रोज घेतल्यामुळेच होत नाही. गुदाशयात मळ साठून ते ताणलं गेलं की शौचाची जाणीव होते. रोज लिटरभर पाण्याने ताण दिला की नेहमीच्या मळाचा ताण त्याला पुरेनासा होतो. शिवाय साध्या पाण्याचा एनिमा वारंवार घेतला तर पाणी आत शोषलं जाऊन रक्तातलं सोडियम उतरू शकतं. या वयात त्याने गोंधळल्यासारखं होणं, तोल जाणं असे प्रकार होतात. आधी सोडियम, पोटॅशियम आणि थायरॉईड तपासून घ्या. लोहाच्या किंवा कॅल्शियमच्या गोळ्या चालू असतील तर डॉक्टरांना सांगा, त्यांनीही मळ घट्ट होतो. शौचातून रक्त किंवा वजनात घट असेल तर आतड्याची दुर्बिणीतून तपासणी आधी.

मग सोडवणूक सुरू करा. पहिले दोन आठवडे दिवसाआड, पुढचे दोन आठवडे तिसऱ्या दिवशी, त्यानंतर फक्त तीन दिवस काहीच झालं नाही तरच. प्रमाण लिटरवरून ५०० मिलिलीटरवर आणा. पाणी ३७ अंश, साबण घालायचा नाही. भांडं अंथरुणापासून दोन-सव्वादोन फूट उंच, त्याहून वर टांगलं की पाणी जोरात शिरून मुरडा येतो. डाव्या कुशीवर, उजवा गुडघा पोटाशी. नळीतली हवा आधी काढा, टोकाला तेल लावा, ५ ते ७ सेंटिमीटरच आत. कळ आली की चिमटा बंद करून लांब श्वास घ्यायला सांगा. पाणी पाच मिनिटं थोपवून ठेवलं की पुरे.

त्याच वेळी आहार. सकाळी उठल्यावर दोन पेले कोमट पाणी, अर्ध्या तासाने नाश्ता, आणि नाश्त्यानंतर २० मिनिटांनी, कळ येवो न येवो, दहा मिनिटं शौचाला बसणं. खाल्ल्यावर मोठं आतडं आपोआप हलतं, ती वेळ साधायची. कमोड असेल तर पायाखाली २० सेंटिमीटर उंचीचा पाट घ्या, म्हणजे उकिडवं बसल्यासारखं होईल. ज्वारीची भाकरी, पालेभाजी दोन वेळा, एक पेरू किंवा पपई. चोथा वाढवताना दर चार-पाच दिवसांनी थोडा थोडा वाढवा, एकदम वाढवला तर पोट फुगतं. दिवसाला दोन लिटर द्रव, पण हृदयाचा किंवा मूत्रपिंडाचा विकार असेल तर प्रमाण डॉक्टरांना विचारून.

दुधीचा रस रोज सकाळी घेते. कधी कधी कडवट लागतो, तरी आरोग्याला चांगला म्हणून पिते. चालेल ना? (वाचिका, पणजी)

कडू लागला तर एक घोटही पिऊ नका, लगेच थुंका. कडू दुधीत कुकुर्बिटासिन नावाचं विष असतं. त्याने काही वेळातच जोरदार उलट्या, जुलाब, रक्ताची उलटी होते, रक्तदाब कोसळतो. आपल्या देशात यामुळे मृत्यू झाले आहेत. साखर, आलं, पुदिना किंवा दुसरा रस घालून कडवटपणा झाकला तरी विष तसंच राहतं, आणि शिजवूनही ते पुरतं जात नाही. दर वेळी दुधी चिरल्यावर त्याच्या दोन्ही टोकांचा छोटा तुकडा जिभेला लावून बघा, कडू निघाला तर आख्खा दुधी टाका. कारली, काकडी, दोडका यांत मिसळून रस करू नका, कारण मग कडू नेमकं काय आहे ते कळत नाही. प्यायल्यावर उलट्या सुरू झाल्याच तर घरी थांबू नका. रुग्णालयात पोचल्यावर 'दुधीचा रस घेतला होता' हे आधी सांगा.